जळकं तांबं, सोललेलं तांबं

शिरोळ तालुक्यातल्या रिवाइंडिंगच्या दुकानात सकाळच्या वेळी अर्धा तास बसलं, की एक वाद हमखास कानावर पडतो. जळालेली मोटर मोटारसायकलवर बांधून आलेला शेतकरी विचारतो, "भरायला किती घेणार?" मेस्त्री आकडा सांगतो. लगेच पुढचा प्रश्न येतो, "जुनं तांबं माझं का तुमचं?" मेस्त्रीनं सांगितलेला दर जुनं तांबं दुकानात राहणार असं धरून असतो. ते परत हवं असेल तर दर चढतो. मग वजनावरून घासाघीस सुरू होते. सोनाराकडं जुना दागिना मोडीत घालताना माणसाची नजर जशी काट्यावरून हलत नाही, तशीच इथंही हलत नाही.

संपादकांनी यंदा 'उरलेलं' हा विषय दिला तेव्हा मला आधी हा वाद आठवला. जळालेल्या मोटरीतून उरलेलं तांबं निघतं कसं, काढतं कोण आणि पुढं जातं कुठं, हे बघायला मी जयसिंगपूर, इचलकरंजी आणि कोल्हापूरचं उद्यमनगर या पट्ट्यात फिरले. रिवाइंडिंगच्या दुकानांत बसले, भंगाराच्या गोडाऊनमध्ये उभी राहिले. बहुतेकांनी "नाव नका घालू ताई" असं सांगितलं, म्हणून इथं कुणाचंच नाव नाही.

मोटरीच्या पोटात

'मोटर जळली' असं आपण म्हणतो, पण तांबं जळत नाही. ते वितळायलाच १०८५ अंश सेल्सिअस लागतात. जळतो तो तारेवरचा इनॅमलचा पातळ लेप. साध्या मोटरीत तो १३० ते १५५ अंशांपर्यंतच टिकाव धरतो. एक फेज गेली, व्होल्टेज खाली आलं, बेअरिंग धरलं किंवा विहिरीचं पाणी तुटून पंप कोरडा फिरला, की वेढे तापतात आणि लेप करपतो. मग तारेला तार चिकटते. शेतीला वीज बऱ्याचदा रात्रीची मिळते. ऑटो-स्विचच्या भरवशावर मोटर सोडून माणूस घरी झोपलेला असतो आणि तिकडं दोन फेजवर घुमत राहिलेली मोटर काही मिनिटांत संपते.

उद्यमनगरातल्या एका मेस्त्रीनं माझ्यासमोर तीन एचपीची मोटर खोलली. आधी मागचं पत्र्याचं टोपण आणि पंखा. मग दोन्ही बाजूंची झाकणं हातोडीनं हळूहळू सैल केली आणि रोटर दोन्ही हातांनी बाहेर ओढून घेतला. बेअरिंग बोटावर फिरवून कानाशी नेलं. खरखर नव्हती, म्हणून ते वेगळ्या डब्यात पडलं. बॉडी बिडाची. ती कोल्हापूरच्याच फौंड्रीत जाणार, कारण इथल्या भट्ट्यांना बिडाचं भंगार कायम लागतं. शाफ्ट लेथवाल्याकडं. रोटरच्या खाचांत ओतलेलं ॲल्युमिनियम वेगळ्या भावानं. पत्र्याच्या चकत्यांची थप्पी, म्हणजे स्टॅम्पिंग, त्याचंही गिऱ्हाईक ठरलेलं. अख्ख्या मोटरीतली एकही वस्तू उकिरड्यावर जात नाही.

राहिला स्टेटर, म्हणजे तांब्याची वेटोळी बसवलेला न फिरणारा भाग. तीस-पस्तीस किलोच्या त्या मोटरीत तांबं असतं दोन-अडीच किलो. हे प्रमाण किती मोठं आहे, ते कळायला खाणीकडं बघावं लागतं. आपल्या गोंदियाला लागून मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण आहे, हिंदुस्तान कॉपरची, देशातली सगळ्यात मोठी. तिथं शंभर किलो दगड फोडला तर किलोभर तांबं हाती लागतं. जळक्या मोटरीत तेच शंभराला सात-आठ किलो पडतं. शिवाय ते आधीच शुद्ध करून, तार ओढून ठेवलेलं असतं. उद्यमनगरातल्या त्या दहा बाय बाराच्या गाळ्याला मी खाण म्हणते ती या हिशेबानं. आणि खाणकामाला जी सुरक्षा, जी नोंद, जी किंमत असायला हवी, ती इथं हात काळे करणाऱ्यांनाही मिळायला हवी, असं माझं ठाम मत या फिरतीत झालं.

जुनी मोटर, जड मोटर

भंगारवाल्याला जुनी मोटर दिसली की तो आधी उचलून बघतो. साठ-सत्तर सालातली पाच एचपीची मोटर आजच्या पाच एचपीपेक्षा अंगानं चांगलीच मोठी असते. त्या काळच्या तारेवर सुताचा दुहेरी वेढा असायचा. मेस्त्री लोक त्या तारेला आजही डीसीसी म्हणतात. सूत फार उष्णता सोसत नाही, म्हणून मोटर गार राहावी यासाठी तार जाड आणि अंग मोठं ठेवावं लागे. पुढं चांगलं इनॅमल आलं, स्टॅम्पिंगचा पत्रा सुधारला आणि त्याच ताकदीची मोटर लहान झाली. तांबंही कमी झालं.

जनरेटरची गोष्ट याहून मोलाची. साध्या मोटरीत तांबं फक्त बाहेरच्या स्टेटरमध्ये असतं, रोटरमध्ये ॲल्युमिनियम. जनरेटरच्या अल्टरनेटरमध्ये आतल्या फिरत्या भागावरही तांब्याची वेटोळी असतात. म्हणून त्याच वजनाच्या जनरेटरला भंगारात भाव जास्त. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रानं कडक लोडशेडिंग सोसलं. तेव्हा प्रत्येक झेरॉक्सवाला, दवाखाना, मंगल कार्यालय दारात जनरेटर ठेवून होतं. वीज नीट मिळायला लागली तशी ती यंत्रं मागच्या खोलीत गेली आणि आता एकेक करून काट्यावर येताहेत. तमाशाच्या फडाबरोबर गावोगाव फिरलेला, जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजला उजेड दिलेला जनरेटरही इथंच येतो. जयसिंगपूरच्या एका गोडाऊनमध्ये असा एक अल्टरनेटर उघडून ठेवलेला होता. वेटोळ्यांवरचं वार्निश काळं चॉकलेटी झालं होतं, आणि कातरलेल्या जागी तांबं लालभडक.

इचलकरंजीत साधे माग मोडीत निघताहेत. त्यांच्या जागी रेपियर आणि एअरजेट येतात. मागाखालची एक एचपीची मोटर, जिनं एखाद्या घराच्या दोन पिढ्या पोसल्या, ती मागाच्या बिडाबरोबर टेम्पोत पडते. यंत्रमागधारकाला पैसे मिळतात ते एकूण वजनाचे. मोटर वेगळी करून द्यायची, हे ज्याला ठाऊक असतं त्याच्याच पदरात तांब्याचा भाव पडतो.

पाचर, छन्नी आणि आग

स्टेटरच्या खाचांत वेटोळी घट्ट बसवून वर पाचर मारलेली असते. पूर्वी ती बांबूच्या कामटीची असायची, आता फायबरची असते. त्यावर वार्निश पाजून सगळं एकजीव केलेलं. हे तांबं बाहेर कसं काढायचं, यावर पुढचं सगळं ठरतं.

चांगला मेस्त्री स्टेटर आडवा धरतो. एका बाजूला बाहेर आलेली वेटोळी धारदार छन्नीनं पत्र्याच्या कडेला लागून सपाट कापतो. मग स्टेटर उलटा करून दुसऱ्या बाजूचा फुगा हुकात अडकवतो आणि ओढतो. वार्निश सुटलं तर खाचेतली अख्खी जुडी कागदासकट सरकत बाहेर येते. नाही सुटलं तर तारा तुटतात आणि एकेक उपसावी लागते. हातावर ओरखडे येतात, डोळ्यांत वार्निशचा कचरा जातो. एका स्टेटरला अर्धा-पाऊण तास सहज जातो.

सबमर्सिबलचं वेगळं. ती मोटर पाण्यातच चालते, म्हणून तिच्या तारेवर प्लास्टिकचं जाड आवरण असतं. ते इनॅमलसारखं चिकटून बसत नाही. ब्लेडनं चीर दिली की सोलून निघतं आणि आतून नव्यासारखी चकचकीत तार मिळते. ही तार भंगारात सगळ्यात वरच्या भावानं जाते. तरीही ती जाळलेली मी पाहिली.

कारण आग सोपी असते. संध्याकाळी ओढ्याच्या कडेला चार-पाच स्टेटर रचायचे, खाली जुना टायर, चिंध्या, थोडं ऑइल. तासाभरात वार्निश, कागद, लेप सगळं जळून जातं आणि राख झटकून तांबं हातानं निघतं. हे काम करणारा विशीतला पोरगा मला म्हणाला, "मालक मोटरीमागं पैसे देतोय, तासामागं न्हाई." तोंडाला रुमाल बांधलेला, पण रुमालातून धूर अडत नाही. रात्री खोकला येतो का, असं विचारलं तर तो हसला आणि "सगळ्यांना येतोय की ताई," म्हणाला.

त्या धुरात काय आहे, ते सांगायलाच हवं. तारेवरच्या प्लास्टिकमध्ये बऱ्याचदा पीव्हीसी असतं, पीव्हीसीत क्लोरीन. अर्धवट जळताना त्यातून डायॉक्सिन तयार होतात आणि तांबं स्वतःच त्या क्रियेला वेग देतं. डायॉक्सिन ही माणसाला ठाऊक असलेल्या सगळ्यात घातक रसायनांपैकी आहेत. ती चरबीत साठतात, गवतावरून जनावराच्या दुधात येतात आणि वर्षानुवर्षं जात नाहीत. अशा विषांना आवर घालायला २००१ साली स्टॉकहोम करार झाला आणि भारतानं तो २००६ साली मान्य केला. त्या कराराच्या परिशिष्टात डायॉक्सिन कुठून येतात याची यादी आहे, आणि त्या यादीत तांब्याच्या केबली धुमसवत जाळणं असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ओढ्याकडेची ती शेकोटी आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेली आहे. ग्रामपंचायतीच्या वहीत मात्र तिची नोंद कुठंच नाही.

जाळण्याचा दुसरा तोटा मोटरीलाच होतो. भंगारात जाणारा स्टेटर जाळला तर निदान मोटर तरी संपलेली असते. पण पुन्हा भरायची मोटरही अनेक जण आगीवरच टाकतात. स्टॅम्पिंगच्या प्रत्येक चकतीवर पातळ थर असतो. चकत्यांमधून वीज आडवी फिरू नये, हे त्याचं काम. उघड्या आगीत स्टेटर चारशे अंशांपलीकडं गेला की तो थर बिघडतो. मग नवीन तार भरूनही मोटर तापते, वीज जास्त खाते आणि लवकर परत दुकानात येते. शेतकरी म्हणतो, मेस्त्रीनं तार हलकी वापरली. बऱ्याचदा दोष तारेचा नसतो, आगीचा असतो.

वहीतल्या मोटरी

मला या धंद्यात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे रिवाइंडरची वही. तेलकट, कोपरे दुमडलेली. प्रत्येक पानावर एक मोटर: कंपनी, एचपी, खाचा ३६, वेटोळी १८, पिच १-८, १-१०, १-१२, प्रत्येक वेटोळ्यात वेढे किती, तार किती गेजची. जुनी वेटोळी काढताना मेस्त्री वेढे मोजतो, मायक्रोमीटरनं तार मापतो आणि लिहून ठेवतो. मोटरीवरची पट्टी गंजून गेली, कंपनी बंद पडली, तरी या वहीवरून ती मोटर पुन्हा जशीच्या तशी उभी राहते. आणि इथंच सोलून काढण्याचं आणखी एक मोल कळतं. नीट ओढून काढलेल्या वेटोळ्याचे वेढे मोजता येतात. जळून विस्कटलेल्या तारेतून ही माहिती कायमची जाते.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णेचं पाणी चढलं तेव्हा काठावरच्या मोटरी दिवसेंदिवस बुडून होत्या. पाणी ओसरल्यावर दुकानांसमोर गाळानं भरलेल्या मोटरींच्या रांगा लागल्या. जुलै २०२१ ला पुन्हा तेच. बुडालेली मोटर मेलेली नसते. उघडून स्वच्छ पाण्यानं धुवायची, पेटीत बल्ब लावून सावकाश वाळवायची, मेगर लावून इन्सुलेशन तपासायचं आणि आकडा बरा आला तर पुन्हा वार्निश पाजून बांधायची. पण त्या घाईत हे सगळं करायला वेळ कुणाला? गावोगाव फिरणाऱ्या टेम्पोवाल्यांनी तेव्हा चांगल्या मोटरीही भंगाराच्या भावानं नेल्या. "धुऊन वाळवली असती तर निम्म्या वाचल्या असत्या," एका म्हाताऱ्या मेस्त्रीनं सांगितलं. त्यांचं स्वतःचं दुकानही त्या पुरात बुडालं होतं, आणि त्यांनी माळ्यावर चढवून वाचवलेली पहिली वस्तू होती वही.

काट्यावर

इचलकरंजीजवळच्या गोडाऊनमध्ये तांब्याच्या ढिगाशी एक मावशी पोत्यावर बसल्या होत्या. हातात एक्साचं तुटकं पान. तारेचं टोक उचलायचं, पानानं एकदा घासायचं, नजर टाकायची आणि डावी-उजवीकडं टाकायचं. घासल्यावर लाल निघालं तर तांबं, पांढरं निघालं तर ॲल्युमिनियम. वरून दोन्हींचं इनॅमल सारखंच लालसर दिसतं. काही तारांना वरून फक्त तांब्याचा मुलामा असतो. ती लबाडी घासून कळत नाही, म्हणून मावशी टोक वाकवून तोडतात आणि आतला गाभा बघतात. "बोटालाच कळतंय आधी," त्या म्हणाल्या. "हलकं लागतंय." तांब्याची घनता ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त आहे. मावशींची बोटं हे रोज पडताळतात.

हे ॲल्युमिनियम कुठून येतं? स्वस्तातल्या पंख्याची, वॉशिंग मशीनची, फ्रीजच्या कॉम्प्रेसरची वेटोळी आता सर्रास ॲल्युमिनियमची असतात. ती निदान कारखान्यात तसा विचार करून केलेली असतात. वाईट प्रकार म्हणजे काही दुकानदार तांब्याची मोटर ॲल्युमिनियमच्या तारेनं भरून देतात. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६१ टक्केच वीज वाहून नेतं. तेवढंच काम करायला तारेचा छेद दीडपटीहून मोठा हवा आणि खाचेत तेवढी जागाच नसते. ती मोटर पहिल्याच उन्हाळ्यात जाते. जुनं तांबं दुकानात राहिलेलं असतंच. शेतकऱ्याचं नुकसान दुहेरी.

मोटरीतून निघालेल्या तांब्याला बाजारात 'आर्मिचर' म्हणतात. त्याचा भाव जाड तांब्याच्या भंगाराहून, म्हणजे 'हेवी'हून वेगळा लागतो. जळून काळं पडलेलं असेल तर आणखी खाली. बंदरावर आयात होणाऱ्या भंगाराची नावं वेगळी: बेरी, बर्च, क्लिफ. टेलिग्रामच्या जमान्यात अमेरिकेतल्या भंगार व्यापाऱ्यांनी प्रतवारीसाठी ठरवलेली ही नावं. अख्ख्या मोटरींच्या ढिगाला एल्मो म्हणतात. इचलकरंजीच्या गोडाऊनमालकाच्या फोनवर सकाळी मुंबईचा भाव येतो. तो ठरतो एमसीएक्स या वायदेबाजारावर, आणि एमसीएक्स बघते १८७७ पासून चालत आलेल्या लंडनच्या धातूबाजाराकडं. लोखंडाच्या भंगाराला किलोमागं तीस-चाळीस रुपये मिळत होते तेव्हा तांब्याला सातशे-आठशे मिळत होते. हा फरक बघितला की पुढचा विषय आपोआप येतो.

डीपी फोडणारे

रात्रीत डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, फोडली, ऑइल जमिनीवर सांडलं, आतली वेटोळी नेली: ही बातमी आमच्या भागात नवी नाही. विहिरीवरची केबल, स्टार्टर, आख्खी मोटरही जाते. वीज कायदा २००३ च्या कलम १३६ खाली वीजवाहिन्या आणि साहित्याची चोरी हा स्वतंत्र गुन्हा आहे. पण चोरीनं होणारं नुकसान तांब्याच्या किमतीत मोजता येत नाही. डीपी गेली की सगळ्या शिवाराचं पाणी थांबतं. ऐन उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पाणी नाही मिळालं तर लावणीचा ऊस करपतो. आणि कित्येक लहान डीपींत तांबं नसतंच, आत ॲल्युमिनियमची वेटोळी असतात. चोराला हे फोडल्यावरच कळतं.

चोरीचं तांबं जाळूनच येतं, कारण जाळलेल्या तारेला ओळख राहत नाही. गोडाऊनमालकांनी मला सांगितलं, की ते जळकं तांबं अनोळखी माणसाकडून घेत नाहीत. काही जण खरंच घेत नसतील. ओळखीच्या दुकानातून, मोटरीच्या मापाच्या जुड्यांत आलेल्या सोललेल्या तांब्याचा माग काढता येतो. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो कोणी बोलत नाही.

भट्टीकडं

गोडाऊनमधून पुढं हे तांबं मोठ्या व्यापाऱ्याकडं आणि तिथून भट्टीत जातं. त्यातल्या बऱ्याचशा तांब्याचं जस्त मिसळून पितळ होतं, नळ, व्हॉल्व्ह, स्विचचे भाग. जामनगरचा पितळी पार्टचा धंदा अशाच भंगारावर उभा आहे. पुन्हा विजेची तार व्हायची असेल तर मात्र तांबं ९९.९ टक्क्यांहून शुद्ध लागतं. फ्रीज-एसीच्या नळ्यांच्या तांब्यात फॉस्फरस मुद्दाम घातलेला असतो. दहा हजारांत चार भाग इतका जरी फॉस्फरस असला तरी तांब्याची वीज वाहायची ताकद पाचव्या हिश्शाहून घटते. म्हणून एसीची एक नळी मोटरीच्या तारेच्या पोत्यात पडली तर पोत्याचा दर्जा खाली येतो. मावशींचं ते डावं-उजवं करणं भट्टीतल्या रसायनशास्त्राची पहिली पायरी आहे. त्यांना त्याची मजुरी दिवसावर मिळते.

२०१८ मध्ये तुतिकोरिनचा मोठा तांबं-कारखाना बंद झाला. प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, तेरा माणसं गेली आणि त्यानंतर कारखान्याला टाळं लागलं. शुद्ध तांबं आयातीपेक्षा जास्त निर्यात करणारा आपला देश तेव्हापासून निर्यातीपेक्षा जास्त आयात करू लागला. भंगारातून तांबं परत मिळवायला खनिजापासून बनवण्यापेक्षा ८० ते ८५ टक्के ऊर्जा कमी लागते. म्हणजे गरजही आहे, फायदाही आहे. सरकारचं लक्ष या धंद्याकडं गेलं ते कराच्या वाटेनं: १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या माणसाकडून धातूचं भंगार घेतलं, तर जीएसटी भरण्याची जबाबदारी नोंदणीकृत खरेदीदारावर आली. कागद आले, पण ओढ्याकडेच्या पोराला मास्क आला नाही.

तोडगा अवघड नाही. स्टेटर कापायचं आणि वेटोळी ओढायचं यंत्र मिळतं. त्यानं थंड स्टेटरमधून तांबं निघतं, धूर होत नाही, वजन घटत नाही आणि रंग लाल राहतो. एकट्या दुकानाला ते परवडत नाही. जयसिंगपुरात चार मेस्त्री मिळून ते घ्यायचं म्हणत होते. मी होते तेव्हा गोडाऊनमालकही तिथं आले होते.

"सोललेलं आणा, किलोमागं जादा देतो," मालक म्हणाले.

"किती जादा, ते आत्ता बोला मालक. मशिन आल्यावर भाव उतरला म्हणून सांगू नका."

मालकांनी आकडा सांगितला. मेस्त्रींनी तो वहीच्या मागच्या पानावर लिहिला, महिन्याला चार दुकानांत मिळून निघणाऱ्या तांब्यानं गुणला आणि बराच वेळ बघत राहिले. धाकटे मेस्त्री म्हणाले, मशिन माझ्या गाळ्यात ठेवू, थ्री फेज आहे, लाइटबिल चौघांत. थोरल्यांनी मान हलवली.

"ठेव की. पर नदीला पाणी आलं की ते उचलून वर कोण न्यायचं, ते आधी ठरवा."